वेल्ह्याचा तंबू, वरंध्याचा घाट

दिवाळीच्या सुट्टीनंतर वर्गात "सुट्टीत कुठे गेला होतात?" असे विचारले, की मुलींची उत्तरे मला आधीच ठाऊक असतात. नानीकडे. मामूच्या लग्नाला. फूफीचे ऑपरेशन होते म्हणून मुंबईला. एखादी अजमेरला जाऊन आलेली असते, तेही सगळ्या खानदानाबरोबर. मुलगे मात्र सिंहगड सांगतात, पानशेत सांगतात, दोस्तांबरोबर बाइकवर कुठे कुठे भटकून आल्याचे सांगतात. पुण्याच्या पश्चिमेला तास-दीड तासावर सह्याद्री उभा आहे. भूगोलाच्या पेपरात माझ्या मुली त्याची उंची अचूक लिहितात, पण त्यातल्या बहुतेकींनी तो बसच्या खिडकीतूनसुद्धा नीट पाहिलेला नसतो.

यंदा आम्ही दोन रात्रींसाठी तंबू घेऊन भोर-वेल्ह्याला गेलो. एक गाडी, दोन तंबू आणि पाच माणसे: मुलांचे अब्बा, मी, चौदा वर्षांची लेक, दहा वर्षांचा मुलगा आणि सत्तरी ओलांडलेल्या माझ्या सासूबाई, म्हणजे अम्मी. नातेवाइकांना कळले तसे फोन सुरू झाले. बायकांना घेऊन तंबूत? संडासाचे काय? म्हाताऱ्या माणसाला थंडी बाधली तर? आणि शेवटी आवाज खाली आणून, "भुशी डॅमचे आठवते ना?"

आठवते तर. ३० जून २०२४ चा तो रविवार पुण्यातल्या कुठल्या मुस्लिम घरात विसरला गेला असेल? हडपसर भागातले कुटुंब लोणावळ्याला गेले होते. भुशी धरणाच्या मागच्या बाजूच्या धबधब्यात सगळे उभे असताना पाणी वाढले, आणि एक स्त्री व चार मुले वाहून गेली. एकमेकांना घट्ट धरून खडकावर उभ्या असलेल्या त्या माणसांचा व्हिडिओ आपल्या प्रत्येकाच्या फोनवर आला होता. त्यानंतर कितीतरी घरांत पावसाळी सहलीचे नाव काढणे बंद झाले. ही भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. फक्त त्या भीतीचा सगळा हिशेब मुलींच्याच नावावर मांडला गेला, हे मला खटकते. मुलगे दुसऱ्याच रविवारी पुन्हा बाइक काढून निघाले होते.

असो. सांगायचा आहे तो आमच्या सफरीचा दुसरा दिवस. पहिल्या दिवशी पाबे घाटातून वेल्ह्यात उतरलो होतो आणि तोरण्याच्या पायथ्याशी एका शेतकऱ्याच्या मोकळ्या वावरात तंबू ठोकले होते. जागा ठरवताना मी फोनवर तीनच गोष्टी विचारल्या होत्या. संडास आहे का, त्याला आतून कडी आहे का, आणि जमीन तुमच्या मालकीची आहे की वनखात्याची. वनखात्याच्या जमिनीवर परवानगीशिवाय मुक्काम करता येत नाही. शिवाय रात्री कोणी येऊन उठवले तर बायका-मुलांना घेऊन जाणार कुठे? कडीचा प्रश्न ऐकून शेतकरीदादा हसले होते, पण त्यांच्या घरच्या मावशींना तो बरोबर समजला. आम्ही पोचलो तेव्हा दाराला नवी कडी बसवलेली होती.

आदल्या रात्री दादांनी गावरान कोंबडी आणून समोर ठेवली आणि म्हणाले, "तुम्हीच कापा. तुमचं तुम्हाला चालतं तसं." मग चुलीशी बसून सांगू लागले, की पूर्वी जत्रेचा बकरा मुलाणीच कापायचा, त्याच्या हातचा असल्याशिवाय गाव खात नसे. महाराष्ट्राच्या गावगाड्यात मुलाणी हा असा नेमून दिलेला माणूस होता. आपल्यातले पुष्कळ लोक प्रवासाला निघताना जेवणाच्या काळजीने डबेच्या डबे भरून नेतात. डोंगरातल्या गावांत ही काळजी तितकीशी उरत नाही. पिठले-भाकरी, ठेचा, अंडी, ताक आणि नव्या इंद्रायणी तांदळाचा भात सगळ्यांनाच चालतो. आमच्यापुरता आम्ही आणखी एक नियम केला होता: या दोन दिवसांत स्वयंपाक आणि भांडी पुरुषांकडे. नाहीतर सहल म्हणजे पहाटे चारला उठून पन्नास पराठे लाटणे, आणि पराठे लाटायला डोंगरावर जायची गरज नाही.

फज्रला तंबूबाहेर आले तर कापडावर इतके दव होते, की रात्री पाऊस पडून गेला असे वाटावे. नोव्हेंबरातली वेल्ह्याची थंडी पुण्याच्या थंडीपेक्षा वेगळी, पायांतून वर चढणारी. अम्मींच्या वुजूची मला चिंता होती. पण मावशींनी कोणी न सांगता बंब पेटवला होता. एक बादली गरम पाणी तंबूपाशी आणून ठेवत त्या म्हणाल्या, "आजींना सांगा, सावकाश होऊ द्या." अम्मी बादलीकडे पाहत होत्या, मावशी अम्मींच्या मोजांकडे. मग दोघींचे गुडघेदुखीवर जे सुरू झाले, ते उजाडेपर्यंत चालले.

उजाडल्यावर तोरणा दिसला. दिसला म्हणजे सगळे आकाशच त्याने अडवले. १,४०३ मीटर उंचीचा हा पुणे जिल्ह्यातला सर्वांत उंच किल्ला. धाकट्याने शाळेत शिवाजी महाराजांनी घेतलेला पहिला किल्ला म्हणून त्याचे नाव पाठ केलेले आहे, प्रचंडगड हे दुसरे नावही त्याला येते. तिसरे नाव मी सांगितले. १७०४ मध्ये औरंगजेबाच्या फौजेने तोरणा घेतला, तेव्हा त्याचे नाव 'फुतूहुल्गैब' ठेवले गेले. फुतूह म्हणजे विजय, गैब म्हणजे दृष्टीआडचे. दृष्टीआडून मिळालेले विजय असा त्याचा अर्थ. नाव भारदस्त, पण ते कागदावरच राहिले. खालच्या गावांनी तोरण्याला तोरणाच म्हटले. आता तर तालुक्याचेही नाव बदलले आहे, वेल्ह्याचा राजगड तालुका झाला. पण एसटीची वाट पाहणारा माणूस अजून वेल्ह्याचीच गाडी विचारतो. उर्दूची शिक्षिका असल्याने मला जास्त गंमत वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. किल्ला हा अरबी शब्द, बुरूज अरबी, दरवाजा फारसी, आणि बालेकिल्ल्यातला 'बाला' म्हणजे फारसीत वरचा. हे सगळे शब्द मराठीने इतके आपले केले, की त्यांच्याशिवाय शिवचरित्राचे एक पान लिहिता येणार नाही. मुलाला हे सांगितले तर तो म्हणाला, "आणि माची?" माची मराठीच, म्हटले. त्याचे समाधान झाले.

तंबू आवरताना प्रत्येक बूट उलटा करून झाडला. भातकापणीच्या दिवसांत उंदीर असतात आणि उंदरांमागे साप. घोणस आणि फुरसे दोन्ही या भागात आहेत. साप चावला तर मांत्रिक नको, बांधाबांध नको, कापाकापी नको, सरळ सरकारी दवाखाना. वेल्ह्यात ग्रामीण रुग्णालय आहे आणि भोरमध्ये उपजिल्हा रुग्णालय. ही माहिती निघण्यापूर्वी काढून ठेवली होती. अशी माहिती काढून ठेवली की धीर येतो, आणि शंका काढणाऱ्या नातेवाइकांना उत्तर देता येते.

वेल्ह्याहून मार्गासनीवरून नसरापूर, मग थोडा हायवे आणि कापूरहोळला उजवीकडे वळून भोर. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खाचरांत कापलेला भात आडवा पडला होता, कुठे झोडणी चालली होती. भोर हे पंतसचिवांचे संस्थान, १९४८ मध्ये विलीन झालेले. राजवाडा बाहेरून पाहिला, चहा घेतला, डिझेल भरले. घाटात पंप मिळेलच असे धरून चालू नये. भोरमध्ये आणखी एक काम केले, वरंधा घाट चालू आहे का याची दोन ठिकाणी चौकशी. दरडी आणि रुंदीकरण यांमुळे हा रस्ता कधी बंद, कधी चालू असतो. पावसाळ्यात तर जिल्हाधिकारी आदेश काढून तो बंद करतात. फोनमधला नकाशा रस्ता दाखवतो म्हणजे रस्ता असतोच असे नाही.

वरंध्याला जायचे हे अम्मींसाठी ठरले होते. अम्मींचे माहेर महाड. लग्न होऊन त्या पुण्याला भवानी पेठेत आल्या त्या याच घाटाने, एसटीच्या लाल गाडीतून. (अम्मींचे बोलणे मी इथे मराठीत लिहिते आहे. प्रत्यक्षात ते अर्धे कोकणी आणि अर्धे पुण्यातली दखनी असते, आणि रागावल्या की पूर्ण कोकणी.) महाडहून बस सुटली की बायका आधीच नाकाशी लिंबू धरत. घाट चढता चढता कान बंद होत. अम्मी म्हणतात, "कान उघडले की समजायचं, आता सासर लागलं."

भोर सोडले की काही वेळाने नीरा-देवघरचे पाणी सुरू होते आणि रस्ता त्याच्या काठाकाठाने बराच वेळ चालतो. पुढे वस्ती विरळ होत जाते आणि डोंगर जवळ येतात. गाडी इथपर्यंत मुलांचे अब्बा चालवत होते, घाटात मी घेतली. घाट मला आवडतो. उतारावर ब्रेक दाबून बसायचे नाही, ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचे, वळणावर हॉर्न, आणि चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. अम्मी मागे दुआ पढत होत्या. त्यांचा मुलगा चालवत होता तेव्हा त्या मनातल्या मनात पढत होत्या. माझ्या हाती स्टिअरिंग आल्यापासून आवाज वाढला आणि प्रत्येक वळणाला आयतुल कुर्सी नव्याने सुरू होऊ लागली. मी काही बोलले नाही. दुआ आहे, जास्त झाली म्हणून काय बिघडते!

घाटमाथ्यावर वाघजाईचे देऊळ आहे आणि देवळाजवळ भजी-चहाच्या टपऱ्या. पुण्याकडून कोकणात जाणारा आणि कोकणातून येणारा, दोघेही इथे थांबतात. माकडे फार. हातातली पिशवी हातात राहील याची खात्री नाही. मुलांना मी तिथे एक गोष्ट दाखवली. घाटाच्या वरच्या अंगाला शिरगावात नीरेचा उगम आहे. ती नीरा भोरवरून खाली जाते, नरसिंहपुराजवळ भीमेला मिळते, भीमा कृष्णेला, आणि ते पाणी शेवटी बंगालच्या उपसागरात पोचते. आणि टपरीच्या पुढ्यातल्या दरीत पडलेला पाऊस सावित्रीत जाऊन बाणकोटजवळ अरबी समुद्राला मिळतो, जेमतेम काही तासांच्या वाटेवर. एकाच ढगातले पाणी, पण कुठल्या अंगाला पडले त्यावर त्याचा सगळा प्रवास ठरतो. लेक म्हणाली, "म्हणजे अम्मीजान या बाजूच्या आणि आपण त्या बाजूचे." मला हे सुचले नव्हते.

अम्मी कठड्यापासून दोन हात मागे उभ्या होत्या. दरी पाहत होत्या, पण काही बोलत नव्हत्या. आमच्या घरात सगळ्यांना माहीत असलेली पण कोणी न काढणारी एक गोष्ट आहे. माझे लग्न होण्याच्या कितीतरी आधी, एका जुलै महिन्यात, महाडहून तार आली की अम्मींच्या आईचा इंतकाल झाला. अम्मी तान्ह्या बाळाला घेऊन निघाल्या. भोरला कळले की दरड कोसळून घाट बंद आहे. मागे फिरून पुण्याला, तिथून पनवेलमार्गे महाड. पोचल्या तेव्हा दफन होऊन गेले होते. आपल्यात मय्यत थांबवून ठेवत नाहीत, आणि त्या पावसात कोणी ठेवूही शकले नसते. कोणाचाच दोष नव्हता. पण त्यानंतर अम्मी वरंध्याने कधी आल्या नाहीत. माहेरी जायचे तर लांबच्या वाटेने गेल्या. ते तान्हे बाळ म्हणजे मुलांचे अब्बा. ते भज्यांची ताटली हातात धरून अम्मींच्या शेजारी जाऊन उभे राहिले. तेही काही बोलले नाहीत.

थोड्या वेळाने अम्मींनीच विचारले, "तळीये कुठे?" टपरीवरच्या बाईंनी हात करून दिशा दाखवली. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातल्या तळीये गावावर डोंगर आला आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. महाड शहर त्याच वेळी पुराच्या पाण्यात होते. अम्मींच्या भाच्यांनी दोन दिवस माळ्यावर काढले होते. डोंगर असा का येतो, हे लेकीने विचारले तेव्हा शिक्षिकेचे काम आले. सह्याद्री हा लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेला. वर मऊ, मुरमाड मातीचा जाड थर, खाली घट्ट काळा खडक. पाऊस सलग काही दिवस कोसळला की माती पाणी पीत जाते, जड होते, आणि खडकावरून घसरते. उताराचा पायथा रस्त्यासाठी वा घरासाठी कापलेला असेल तर ती आणखी सहज घसरते. टपरीवाल्या बाई ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "बाई, आम्हाला एवढं ठाऊक आहे, झऱ्याचं पाणी एकदम गढूळ झालं की घर सोडायचं." माझ्या दहा वाक्यांपेक्षा हे एक वाक्य त्या मुलीच्या जास्त लक्षात राहील आणि कामाला येईल.

जुहर तिथेच, टपरीमागच्या मोकळ्या जागेत चादर टाकून पढलो. मग गाडी वळवली. अम्मींना महाडपर्यंत नेऊ का असे विचारले होते. "नको," म्हणाल्या, "भाऊ गेला, आता घरात सुनाच आहेत. इथूनच दिसलं." वरून महाड दिसत नाही. पण मी ते त्यांना सांगितले नाही.

दुसऱ्या रात्रीचा मुक्काम भाटघरच्या पाण्याकाठी होता. भाटघरचे धरण वेळवंडी नदीवर, १९२८ मध्ये पुरे झालेले. गव्हर्नर लॉइड यांच्या नावाने त्याला लॉइड धरण म्हणत. आता जलाशयाला येसाजी कंकांचे नाव आहे, ते याच खोऱ्यातल्या भुतोंड्याचे. साडेतेवीस टीएमसी पाणी आणि पंचेचाळीस स्वयंचलित दरवाजे. पाणी ठरलेल्या पातळीच्या वर चढले की ते आपोआप उघडतात. हे पाणी नीरेच्या दोन्ही कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसच्या उसाला जाते. काठावरची गावे मात्र उन्हाळ्यात धरणाच्या तळातले चिखल पाहत टँकरची वाट बघतात. हा अन्याय आहे, पण त्यावर लिहायचे तर स्वतंत्र लेख लागेल.

नोव्हेंबरात जलाशय काठोकाठ असतो. निळे, शांत, गवतापर्यंत आलेले पाणी. गाडीतून उतरताच लेक चपला हातात घेऊन निघाली आणि तिच्या अब्बांनी तिला थांबवले. तिचा चेहरा उतरला. "चुलतभाऊ इथेच येऊन पोहून गेले. मग मी काय नुसतं बघायचं?"

प्रश्न रास्त होता, म्हणून उत्तरही नीट द्यायला हवे होते. मी तिला काठावर बसवून सांगितले. मे २०२२ मध्ये याच जलाशयात नऱ्हे गावाजवळ पाच जणी बुडाल्या. तेव्हा पाऊस नव्हता, पूर नव्हता, धबधबा नव्हता. धरणाचा काठ हा नदीचा वा समुद्राचा काठ नसतो. पाण्याखाली बुडालेली शेते आहेत, त्यांचे बांध आहेत, जुन्या विहिरी आहेत, ओढ्याची घळ आहे. एका पावलाला गुडघाभर पाणी, पुढच्या पावलाला डोक्याच्या वर. तळाला गाळ, त्यात पाय रुततो. बायकांच्या अंगावर सलवार-ओढणी, साडी किंवा बुरखा. तो भिजला की पायांना गुंडाळतो आणि खाली ओढतो. आणि अशा अपघातांत बहुतेक वेळा एक घसरते व बाकीच्या तिला ओढायला जातात. पोहता न येणाऱ्या माणसाने पाण्यात उडी घेतली तर बुडणाऱ्यांत एकाची भर पडते. काठावरून दोरी, ओढणी, काठी, रिकामा पाण्याचा कॅन फेकावा आणि ओरडून माणसे गोळा करावीत. आणि पावसाळ्यातला धबधबा वेगळाच. तिथे तुमच्या डोक्यावर ऊन असते आणि वर डोंगरात पाऊस पडत असतो, तो काही मिनिटांत खाली पोचतो. पाणी गढूळ व्हायला लागले, पालापाचोळा वाहून यायला लागला, की फोटो राहू द्यायचा आणि बाहेर यायचे.

लेकीने सगळे ऐकले आणि म्हणाली, "मग भाईंना का नाही बुडायला झालं?"

मी म्हटले, "त्यांचं नशीब चांगलं, म्हणून." आणि ते खरेही आहे.

इथे अम्मी मध्ये पडल्या. गाडीच्या डिकीला टेकून बसल्या होत्या, तिथूनच म्हणाल्या, "नशीब नाही. पोहायला येतं त्यांना. मलाही येतं."

आम्ही चौघे त्यांच्याकडे पाहतच राहिलो. पंचवीस वर्षे मी या बाईंबरोबर एका घरात राहते आहे. मुलांचे अब्बा तर जन्मापासून. कोणालाच हे माहीत नव्हते. अम्मींनी सांगितले ते असे. महाडला घरामागे विहीर होती. मोहल्ल्यातल्या मुलींना तिच्यात पोहायला शिकवायची ती त्यांची दादी. कमरेला वाळलेला भोपळा बांधायचा आणि पाण्यात सोडायचे. आठ दिवसांनी भोपळा काढून घ्यायचा. दुपारच्या वेळी तिकडे पुरुष फिरकत नसत. सावित्रीला दरवर्षी पूर, पाणी घरात येणार हे ठरलेले. मुलीला पोहता आलेच पाहिजे असे दादीचे म्हणणे. "लग्न झालं, भवानी पेठेत नळ होता," अम्मी म्हणाल्या. "नळात काय पोहणार?"

सगळे हसलो. पण मला त्या हसण्यात काहीतरी टोचले. भोपळा बांधून मुलींना विहिरीत सोडणारी ती बाई शाळेत गेलेली नव्हती. तिच्या नातीला पोहता येते. नातीची सून, म्हणजे मी, बी.एड. झालेली, मला येत नाही. आणि माझी मुलगी पाण्याच्या काठी उभी राहून परवानगी मागते आहे. पुण्यात आता कितीतरी तलावांवर बायकांसाठी वेगळी वेळ असते, शिकवायला बाई असतात, अंगभर कपड्यांचे पोहण्याचे पोशाख मिळतात. आपण क्लासला पाठवतो ते मेंदीच्या, बेकरीच्या आणि गणिताच्या. मुलींना शिकवण्यासारख्या गोष्टींच्या आपल्या यादीतून पोहणे नेमके कधी गळाले, ते मला सांगता येणार नाही. ते कुठल्या मौलवींनी गाळलेले नाही. नळ आला आणि गळाले, असे अम्मींच्या बोलण्यावरून दिसते.

त्या दिवशी पाण्यात कोणीच गेले नाही, अम्मीसुद्धा नाहीत. त्यांचाच हुकूम: अनोळखी पाणी, शिकवणारे कोणी नाही, म्हणून नाही. शिकायचे ते शहरातल्या तलावात, शिकवणाऱ्या बाईंकडून. लेकीने लगेच महिना विचारला. अब्बा म्हणाले, एप्रिल, परीक्षा झाल्यावर. तिने फोनमध्ये लिहून घेतले आणि त्यांना वाचून दाखवले.

मगरिबला किब्ल्यावरून धाकट्याशी थोडा वाद झाला. सूर्य मावळतो ती पश्चिम, असे म्हणून तो सरळ मावळत्या सूर्याकडे तोंड करून उभा राहिला. नोव्हेंबरात सूर्य बरोबर पश्चिमेला मावळत नाही, वीसेक अंश डावीकडे सरकलेला असतो. आणि पुणे जिल्ह्यातून किब्ला पश्चिमेच्या दहा-अकरा अंश उजवीकडे आहे. म्हणजे सूर्य धरून उभे राहिलात तर तीस अंशांचा फरक. डोंगरात फोनला रेंज असेलच असे नाही, म्हणून हे माहीत असलेले बरे. जूनमध्ये उलटे होते, सूर्य किब्ल्याच्याही उजवीकडे जातो. धाकट्याने हाताची बोटे पसरून अंश मोजले, मग थोडा उजवीकडे वळला.

जेवण अब्बांनी केले, अंड्याची भुर्जी आणि भात. भात खालून लागला होता, तरी कोणी तक्रार केली नाही. खरकटे आणि प्लास्टिक पिशवीत भरून गाडीत ठेवले. भांडी पाण्यात न घासता बादलीत घासून ते पाणी लांब गवतात ओतले. शेजारच्या तंबूतल्या तरुणांचा गाण्यांचा आवाज मोठा होता. मुलांच्या अब्बांनी जाऊन "घरात म्हातारं माणूस आहे, बाळांनो" एवढेच सांगितले आणि त्यांनी तो लगेच कमी केला. वर त्यांच्यातला एक जण अम्मींसाठी शेकोटीतले निखारे घमेल्यात घालून घेऊन आला.

ईशा झाली. एका तंबूत मी, लेक आणि अम्मी, दुसऱ्यात बापलेक. मला झोप लागत होती. अंधारात लेकीचा आवाज आला, "अम्मीजान, पण हात कसे मारायचे?" मग सतरंजी सरकल्याचा आवाज. अम्मी पालथ्या झोपून दाखवत होत्या, हात पुढे, बाजूला, मागे, आणि पाय बेडकासारखे. लेक त्यांच्या शेजारी पालथी. दोघींचे पाय कापडाला लागून तंबू हलायला लागला. पलीकडच्या तंबूतून मुलांच्या अब्बांनी घाबरून विचारले, "काय झालं? काही शिरलं का आत?"

"झोप तू," अम्मी म्हणाल्या. "आमचं पोहणं चाललंय."